‘द सायन्स शो’ : सुवर्णमहोत्सवी वाटचाल

३० ऑगस्ट १९७५, शनिवार. ऑस्ट्रेलियाच्या ‘एबीसी’ या सार्वजनिक नभोवाणीवरून त्या दिवशी एक नवा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. नाव अगदी साधे: ‘द सायन्स शो’. ३० ऑगस्ट २०२५ रोजी त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, आणि तो दिवसही शनिवारच होता. सरकारे बदलली, नभोवाणीची तंत्रे बदलली, श्रोत्यांच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. पण कार्यक्रम चालू राहिला. सूत्रधारही पहिल्या दिवसापासून एकच, रॉबिन विल्यम्स. एका विषयाचा साप्ताहिक कार्यक्रम एकाच निवेदकाने अर्धशतक चालवावा, हे जगातल्या कोणत्याही नभोवाणीवर क्वचितच घडले असेल.

विज्ञानाच्या बातम्या देणारे कार्यक्रम पुष्कळ आहेत. या कार्यक्रमाने एक वेगळी सवय लावली. अमुक शोध लागला असे सांगून तो थांबत नाही. ‘हे तुम्हाला कशावरून कळले?’ असा प्रश्न तो संशोधकाला विचारतो आणि त्याचे उत्तर श्रोत्यांसमोर काढून घेतो. रोजच्या बातमीपत्राला इतकी उसंत नसते आणि मासिकाला फार वेळ लागतो. आठवड्याची मुदत त्या मानाने सोयीची: बातमी ताजी राहते आणि दुसऱ्या जाणकाराला फोन करून ती पडताळूनही घेता येते. पुढच्या सगळ्या इतिहासात या साप्ताहिक लयीचे महत्त्व पुन्हा पुन्हा दिसेल.

पूर्वपीठिका : १९६४ ते १९७५

एबीसीची स्थापना १ जुलै १९३२ रोजी झाली. विज्ञानासाठी स्वतंत्र विभाग निघायला मात्र १९६४ साल उजाडावे लागले. त्याचे श्रेय डॉ. पीटर पॉकली यांना. ऑक्सफर्डला रसायनशास्त्रात संशोधन करून आलेल्या या माणसाने ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ विज्ञान-प्रसारण हा व्यवसायच उभा केला. तोवर विज्ञानाची बातमी आली की ती समोर बसलेल्या कोणत्याही वार्ताहराच्या हाती जाई. बातमीमागचे शास्त्र समजणाराच तिथे बसला पाहिजे, ही दृष्टी पॉकलींची.

या विभागाची पहिली मोठी कसोटी लागली ती चांद्रमोहिमांच्या वेळी. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँगचे चंद्रावरचे पहिले पाऊल जगाने पाहिले ते कॅनबेराजवळच्या हनिसकल क्रीक केंद्राने पकडलेल्या चित्रांतून. काही मिनिटांनी पार्क्स येथील भव्य रेडिओ दुर्बिणीची चित्रे घेण्यात आली. घटना चंद्रावरची, पण ती जगापर्यंत पोहोचवणारी माणसे ऑस्ट्रेलियातलीच. त्यामुळे विज्ञान हे दूरच्या देशांत घडणारे काहीतरी असते, ही ऑस्ट्रेलियन श्रोत्यांची समजूत तेव्हापासून मागे पडू लागली.

पार्क्सचा विषय निघाला म्हणून मराठी वाचकांसाठी थोडे विषयांतर. ऑस्ट्रेलियाच्या रेडिओ खगोलशास्त्राचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. १९५३ च्या सुमारास गोविंद स्वरूप नावाचा तरुण भारतीय संशोधक सिडनीला जोसेफ पॉसी यांच्या गटात काम शिकायला गेला. सिडनीजवळ पॉट्स हिल इथे सूर्याच्या अभ्यासासाठी सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांची रांग होती. ती तिथे निरुपयोगी होणार हे दिसताच स्वरूपांनी ती भारतासाठी मागून घेतली. त्याच तबकड्या १९६५ मध्ये कल्याणला उभ्या राहिल्या. पुढे उटीची दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी झाली, त्या परंपरेचा प्रारंभ कल्याणच्या त्या माळावर झाला. ‘द सायन्स शो’ ज्या मातीत रुजला, ती विज्ञानाच्या दृष्टीने किती कसदार होती हे यावरून लक्षात यावे.

रॉबिन विल्यम्स १९७२ मध्ये एबीसीत आले. जन्म १९४४ चा, इंग्लंडमधला. बालपणाचा काही काळ व्हिएन्नात गेला. शिक्षण लंडन विद्यापीठात, विज्ञानाचे. पण रंगमंचाची आणि कॅमेऱ्याची ओढही होती. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ‘माँटी पायथन’ आणि ‘डॉक्टर हू’ यांसारख्या मालिकांत त्यांनी किरकोळ कामे केली होती. एबीसीत आल्यावर अपोलो १६ आणि १७ या मोहिमांच्या प्रसारणात त्यांचा आवाज श्रोत्यांच्या परिचयाचा झाला. शास्त्राची बैठक आणि नटाचा कान एकाच माणसात असण्याचा लाभ नभोवाणीला किती होतो, हे पुढे दिसलेच.

१९७५ हे साल नभोवाणीच्या दृष्टीने काळजीचे होते. १ मार्चला ऑस्ट्रेलियात रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली. आता रेडिओ कोण ऐकणार, असे उघड बोलले जाऊ लागले. या धास्तीमुळेच एबीसीने त्या वर्षी नभोवाणीवर धडाडीचे प्रयोग केले. जानेवारीत तरुणांसाठी सिडनीत ‘टू डबल जे’ हे केंद्र निघाले, स्त्रियांनी चालवलेला ‘द कमिंग आउट शो’ आला आणि ऑगस्टअखेर ‘द सायन्स शो’. चित्र दाखवता येत नाही ही नभोवाणीची उणीव सगळ्यांना दिसत होती. पण विचार करता करता अडखळणारा माणूस कानाला जितका जवळून भेटतो तितका डोळ्यांना भेटत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते.

पहिले दशक : १९७५ ते १९८५

पहिला कार्यक्रम स्टुडिओत बसून केलेला नव्हता. कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्या महिन्यात पॅसिफिक सायन्स काँग्रेस भरली होती, तिथल्या मुलाखतींवर तो बेतलेला होता. पाहुण्यांमध्ये लॉर्ड रिची-काल्डर होते. हे मूळचे स्कॉटिश पत्रकार, विज्ञानलेखनात आयुष्य घालवलेले. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जो कार्बन सोडतो आहोत, त्याने पृथ्वीचे हवामान बदलेल, असा इशारा त्यांनी त्या पहिल्याच भागात दिला. साल १९७५! हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रांत रुळायला अजून बराच अवकाश होता. कार्यक्रमाच्या पहिल्या तासात सांगितलेली गोष्ट पन्नास वर्षे त्याच्या सोबत चालत आली, आणि दुर्दैवाने ती खरी ठरत गेली.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९७६ मध्ये, टास्मानियाच्या वायव्य टोकाला केप ग्रिम येथे हवेचे मोजमाप करणारे केंद्र सुरू झाले. हजारो किलोमीटर नुसत्या समुद्रावरून येणारा वारा तिथे कड्यावर आदळतो. जगातली इतकी स्वच्छ हवा फार थोड्या ठिकाणी मिळते. तेव्हा तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३३० भाग होते. मे २०१६ मध्ये त्याने ४०० चा आकडा ओलांडला. म्हणजे कार्यक्रम आणि केंद्र, दोघांचे वय जवळपास एकच. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने त्या मोजमापाचा अर्थ लोकांना सांगायचा, असे हे समांतर काम चालत आले.

त्या काळी कार्यक्रम तयार व्हायचा कसा, हे आजच्या तरुण वाचकांना सांगायला हवे. मुलाखत पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर उतरायची. बोलण्याच्या ध्वनिमुद्रणात फीत सहसा सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावे. संपादक दोन्ही चकत्या हातांनी पुढे-मागे फिरवी आणि शब्दाची सुरुवात कानाने पकडून तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करी. मग फीत धातूच्या खाचेत बसवायची, ब्लेडने तिरपी कापायची, नको असलेला तुकडा काढायचा आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. एका शास्त्रज्ञाचा एक उसासा म्हणजे वीतभर फीत. उसासा ठेवायचा की काढायचा हा निर्णय तंत्राचा नव्हता, जाणतेपणाचा होता. काही वेळा सगळे उत्तर त्या उसाशातच असे. कापलेले तुकडे मुलाखत प्रसारित होईपर्यंत गळ्यात किंवा मेजाच्या कडेला लटकत ठेवण्याची पद्धत होती. न जाणो, परत लावावे लागले तर! ध्वनितंत्रज्ञांच्या या मेहनतीची नोंद श्रेयनामावलीत एका ओळीपलीकडे क्वचितच होते. म्हणून इथे मुद्दाम केली.

सुरुवातीची वर्षे आर्थिकदृष्ट्या ओढाताणीची गेली. कार्यक्रम सुरू होऊन अडीच महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर १९७५ मध्ये, देशातले सरकार बदलले आणि त्यानंतर एबीसीच्या अनुदानाला कात्री लागली. अशा काळात संस्थेत मतभेद होतातच. तेही झाले आणि मिटलेही. विज्ञान विभागातील सगळ्यांनी एकदिलाने काम रेटले, हे महत्त्वाचे.

याच दशकात विभागातील मॅट पीकॉक यांनी अॅस्बेस्टॉसच्या धोक्याचा पाठपुरावा केला. न्यू साउथ वेल्समधील बेरियुलगिल या आदिवासी वस्तीजवळच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत काय साठत होते, हे त्यांनी खाणकामगारांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून लोकांसमोर आणले. अॅस्बेस्टॉस तेव्हा घराघरांत होते. भिंतींत, छपरांत, गाड्यांच्या ब्रेकमध्ये. आजार दिसायला वीस-तीस वर्षे लागतात, त्यामुळे हानी नाकारणे सोपे होते. ऑस्ट्रेलियात त्यावर पूर्ण बंदी आली ती ३१ डिसेंबर २००३ रोजी. पाव शतकाचा हा पाठपुरावा. विज्ञानाची बातमी म्हणजे नुसत्या नवलाच्या गोष्टी नव्हेत, हे या कामाने विभागाला कायमचे शिकवले.

नवलाच्या गोष्टीही होत्याच. मॅक्वेरी विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर मेसन यांनी ‘जेनेसिस टू ज्युपिटर’सारख्या मालिका केल्या, विज्ञानाचा इतिहास किती रसाळ असू शकतो हे त्यांतून कळले. देवी रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली, तेव्हा त्याची खातरजमा करणाऱ्या जागतिक आयोगाचे अध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे फ्रँक फेनर. त्याच वर्षी जून महिन्यात मेलबर्नला ऑस्ट्रेलियातील पहिल्या परीक्षानळी बाळाचा, कँडिस रीडचा, जन्म झाला.

दशक संपता संपता घराला दोन नव्या खोल्या जोडल्या गेल्या. १९८४ मध्ये ‘ऑकम्स रेझर’ हा छोटेखानी भाषणांचा कार्यक्रम आला. एका माणसाने एका मुद्द्यावर थोडा वेळ, कोणीही मध्ये न बोलता, आपले म्हणणे मांडायचे. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आलेले डॉक्टर नॉर्मन स्वॉन यांनी ‘द हेल्थ रिपोर्ट’ सुरू केला.

दुसरे दशक : १९८५ ते १९९५

१९८५ मध्ये कार्यक्रमाच्या वाहिनीला ‘रेडिओ नॅशनल’ हे नाव मिळाले. मात्र हे दशक लक्षात राहते ते एका कार्यक्रमामुळे, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे.

सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. विल्यम मॅकब्राइड हे जगप्रसिद्ध नाव होते. गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाने अर्भकांचे हातपाय खुंटतात, ही शंका त्यांनी डिसेंबर १९६१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाला लिहिलेल्या छोट्या पत्रातून मांडली होती. जर्मनीत विडुकिंड लेन्झ यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवले. मॅकब्राइड राष्ट्रीय नायक झाले. जन्मजात व्यंगांवरील संशोधनासाठी त्यांनी ‘फाउंडेशन ४१’ ही संस्था काढली.

१९८२ मध्ये त्यांच्या नावे एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्कोपोलामाइन या औषधाने सशांच्या पिलांत व्यंगे निर्माण होतात, असा त्याचा निष्कर्ष. सहलेखक म्हणून फिल वार्डी आणि जिल फ्रेंच या दोन कनिष्ठ संशोधकांची नावे होती. प्रयोग त्यांनीच केले होते. छापील निबंध वाचल्यावर त्यांच्या लक्षात आले की आकडे आपले नाहीत. औषधाच्या मात्रा बदललेल्या होत्या आणि सशांच्या संख्येतही फेरफार होता. त्यांनी आवाज उठवला, पण मोठ्या नावापुढे ऐकून कोण घेणार?

नॉर्मन स्वॉन यांनी हा धागा उचलला. वार्डी आणि फ्रेंच यांच्याशी बोलणे, मूळ नोंदी मिळवणे, छापील तक्त्याशी ओळ न् ओळ ताडून पाहणे, सशांवरील प्रयोगांची जाण असलेल्या त्रयस्थांचे मत घेणे असे सगळे त्यांनी केले. डिसेंबर १९८७ मध्ये ‘द सायन्स शो’मध्ये तो वृत्तांत प्रसारित झाला. नभोवाणीवर आकड्यांचा तक्ता दाखवता येत नाही; इथे तर सगळा पुरावाच आकड्यांचा. तरीही ऐकणाऱ्याला नेमके काय बदलले आणि त्याने निष्कर्ष कसा फिरला हे स्पष्ट समजावे, अशी त्याची मांडणी होती. माझ्या मते विज्ञान-पत्रकारितेचा वस्तुपाठ म्हणून हा एक तास आजही विद्यार्थ्यांना ऐकवावा.

परिणाम दूरगामी झाले. निवृत्त सरन्यायाधीश सर हॅरी गिब्ज यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि १९८८ मध्ये वैज्ञानिक फसवणुकीचा ठपका ठेवण्यात आला. १९९३ मध्ये मॅकब्राइड यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. १९९८ मध्ये ते पुन्हा दाखल करण्यात आले. स्वॉन यांना पत्रकारितेतला ‘गोल्ड वॉकली’ हा देशातील सर्वोच्च पुरस्कार १९८८ मध्ये मिळाला. या हकीकतीत कुणाचा विजय शोधावा असे वाटत नाही. थॅलिडोमाइडचा धोका वेळीच ओळखल्याबद्दल अनेक कुटुंबे मॅकब्राइड यांची ऋणी राहतील. पण एकदा बरोबर ठरलेल्या माणसालाही दुसऱ्या वेळी पुरावा द्यावाच लागतो. दोन कनिष्ठ संशोधकांचे धैर्य आणि एका कार्यक्रमाची चिकाटी एकत्र आली, म्हणून हे उघड झाले.

हवामानाच्या प्रश्नालाही या दशकात सार्वजनिक रूप मिळाले. विज्ञानमंत्री बॅरी जोन्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘कमिशन फॉर द फ्यूचर’मध्ये विल्यम्स यांनीही काम पाहिले. १९८७ मध्ये मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात शास्त्रज्ञांची ‘ग्रीनहाउस ८७’ परिषद झाली. पुढच्या वर्षी ‘ग्रीनहाउस ८८’ देशातील अनेक शहरांत एकाच वेळी भरली आणि सर्वसामान्य नागरिक तिथे प्रश्न विचारायला आले.

१९९३ मध्ये ऑस्ट्रेलियन अॅकॅडमी ऑफ सायन्सने विल्यम्स यांना फेलो म्हणून निवडले. पत्रकाराला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. शास्त्रज्ञांना अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्याचाच शास्त्रज्ञांनी असा सन्मान करावा, यात त्या अॅकॅडमीचाही मोठेपणा दिसतो.

पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, सिडनीहून दोन-अडीच तासांच्या अंतरावरील ब्लू माउंटन्सच्या एका खोल दरीत डेव्हिड नोबल या उद्यान-कर्मचाऱ्याला अनोळखी झाडे दिसली. वॉलेमी पाइन! ज्याचे नातेवाईक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतच माहीत होते, असे झाड जिवंत उभे होते. पूर्ण वाढलेली झाडे शंभरही नव्हती. दरीचा ठावठिकाणा आजही गुप्त ठेवला जातो, कारण बुटाला चिकटून आलेली बुरशीसुद्धा त्यांना मारू शकते.

तिसरे दशक : १९९५ ते २००५

या दहा वर्षांत फिती गेल्या आणि संगणक आले. ब्लेड, चिकटपट्टी, मेणपेन्सिल कपाटात गेली. त्याहून मोठा बदल म्हणजे कार्यक्रमांच्या संहिता लिखित स्वरूपात इंटरनेटवर येऊ लागल्या. शनिवारी दुपारी ऐकलेले वाक्य सोमवारी शाळेत वाचून दाखवता येऊ लागले. रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरींवरूनही हा कार्यक्रम आशिया-पॅसिफिक भागात पोहोचत होता. २००२ मध्ये विभागातून नताशा मिचेल यांचा मन आणि मेंदूविषयीचा ‘ऑल इन द माइंड’ निघाला.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पीटर डोहर्टी यांना नोबेल मिळाले. २००४ मध्ये इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर सापडलेल्या बुटक्या मानवजातीचा शोध जाहीर झाला, त्यातही ऑस्ट्रेलियन संशोधक पुढे होते. पण श्रोत्यांची लाडकी ठरली ती एक कावळी. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या या न्यू कॅलेडोनियन जातीच्या कावळीचे नाव बेटी. उभ्या नळीच्या तळाशी छोटी बादली, बादलीत खाऊ. बेटीने सरळ तार चोचीत घेतली, तिचे टोक वाकवून आकडा केला आणि बादली वर ओढली. २००२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तहानलेल्या कावळ्याची आणि खड्यांची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना बेटीचे कौतुक अधिकच वाटेल. विल्यम्स यांनी कार्यक्रमाच्या चाळीस वर्षांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही बेटीच आहे.

या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. २०१६ मध्ये असे दिसून आले की या जातीचे रानातले कावळेही काटक्या वाकवून वापरतात. म्हणजे बेटीने ती युक्ती तिथल्या तिथे शोधली, की तिच्या जातीची ती सवयच होती, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. कौतुक कमी झाले नाही. कळणे मात्र अधिक नेमके झाले.

चौथे दशक : २००५ ते २०१५

पॉडकास्ट आले आणि शनिवारची वेळ गाठण्याचे बंधन संपले. मेंढपाळ, ट्रकचालक, रात्रपाळीच्या परिचारिका यांना सवडीने कार्यक्रम ऐकता येऊ लागला. परदेशातले श्रोतेही वाढले.

ऑस्ट्रेलियन विज्ञानासाठी हा काळ वैभवाचा. २००५ मध्ये पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन, २००९ मध्ये होबार्टला जन्मलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न, २०११ मध्ये कॅनबेराचे ब्रायन श्मिट यांना नोबेल मिळाले. मार्शल यांनी पोटातील जंतूचा पुरावा मिळवण्यासाठी १९८४ मध्ये त्या जंतूंचे मिश्रण स्वतःच पिऊन पाहिले होते, ही हकीकत तेव्हा घरोघर पोहोचली.

याच काळात हवामानबदलावरची चर्चा फार कडवट झाली. शास्त्राच्या प्रश्नाला राजकीय बाजू चिकटल्या आणि दोन्ही बाजूंना समान वेळ द्या, अशी मागणी होऊ लागली. मत आणि मोजमाप यांना एकाच तराजूत घालता येत नाही, ही भूमिका कार्यक्रमाने सोडली नाही. त्याबद्दल टीकाही सोसली. २०१४ मध्ये एबीसीच्या अनुदानात पुन्हा कपात झाली. विभागाची फेररचना झाली, काही जुने सहकारी गेले. त्या दिवसांत ज्यांनी कार्यक्रमाचा दर्जा राखला, त्या सर्वांचे मोल या सुवर्णमहोत्सवी वर्षात मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पाचवे दशक : २०१५ ते २०२५

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली. अमेरिकेतील लायगो यंत्रणेच्या उभारणीत ऑस्ट्रेलियन विद्यापीठांचा मोठा वाटा होता आणि तिथले संशोधक कित्येक वर्षे या लहरींची वाट पाहत होते. लायगोचे तिसरे केंद्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली. ते सुरू झाले की लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे अधिक नेमके सांगता येईल.

२०१९-२० चा उन्हाळा वणव्यांचा गेला. वॉलेमी पाइनची ती गुप्त दरीही आगीच्या तोंडी होती. अग्निशमन दलाने विमानांतून फवारणी करून आणि हेलिकॉप्टरने माणसे उतरवून तिथली झाडे वाचवली. धूर विरतो न विरतो तोच कोविड आला. ११ जानेवारी २०२० रोजी नव्या विषाणूची जनुकीय संरचना जगासाठी खुली झाली, ती चिनी संशोधक झांग योंगझेन यांच्या वतीने सिडनी विद्यापीठाच्या एडवर्ड होम्स यांनी. मार्चमध्ये नॉर्मन स्वॉन आणि टेगन टेलर यांनी ‘कोरोनाकास्ट’ सुरू केला. घाबरलेल्या माणसाला रोज थोडक्यात आणि खरे सांगायचे, एवढेच त्याचे सूत्र. बेरियुलगिल आणि ‘फाउंडेशन ४१’च्या वेळी विभागाने कमावलेला विश्वास अशा वेळी उपयोगी पडला.

जानेवारी २०१७ च्या अखेरीस रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या लघुलहरी बंद झाल्या. ज्या दुर्गम बेटांवर इंटरनेट तुटक येते, तिथल्या श्रोत्यांचे यात नुकसान झाले, हे नमूद करावेसे वाटते.

आजचा ‘द सायन्स शो’ साधारण तासाभराचा आहे. एका भागात एखाद्या विद्यापीठातील पीएचडीच्या विद्यार्थिनीची पाच मिनिटे आणि त्यानंतर इंग्लंडचे राजखगोलशास्त्रज्ञ राहिलेले मार्टिन रीस, अशी रचना सहज असते. विद्यार्थ्याला मुलाखतीत घाई केली जात नाही, मोठ्या माणसाला सवलत दिली जात नाही. डेव्हिड फिशर यांच्यासारखे निर्माते दीर्घकाळ या रचनेमागे उभे राहिले. ध्वनितंत्रज्ञ, संग्रहपाल, संहिता उतरवून घेणारे, दूरदूरच्या केंद्रांतले वार्ताहर, आणि चूक दिसताच पत्र लिहून ती दाखवून देणारे श्रोते या सगळ्यांनी मिळून ही पन्नास वर्षे घडवली. सर्वांची नावे इथे देता येत नाहीत, तरी त्यांच्या कामाशिवाय एकही शनिवार साजरा झाला नसता.

नव्या पिढीसाठी २०१५ पासून ‘टॉप फाइव्ह’ हा उपक्रम सुरू आहे. रेडिओ नॅशनल आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठ यांनी मिळून तो सुरू केला. देशभरातून पाच तरुण संशोधक निवडले जातात आणि ते दोन आठवडे एबीसीच्या निर्मात्यांसोबत बसून काम करतात. आपलेच संशोधन आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला सांगायचे, निर्मात्याने ‘म्हणजे काय?’ असे विचारले की पुन्हा सांगायचे, ध्वनिमुद्रण ऐकून त्यातले नको ते स्वतः काढून टाकायचे, असा हा अभ्यास. त्यांतले काही जण नंतर स्वतः कार्यक्रम करू लागले आहेत. बाकीचे प्रयोगशाळेत परतले, आणि तिथे पत्रकाराचा फोन आला की आता ते तो टाळत नाहीत.